दुसरी ओळ उलटी

महानंदाचा फोटो पेपरात आला त्या सकाळी शालिक निखाडेनं तो पेपर तर्री-पोह्याच्या प्लेटखाली अंथरला. मुद्दाम. चमचा हलला, फोटोतल्या बायकोच्या कपाळावर तर्रीचा थेंब पडला, आणि तो तेलकट लाल डाग हळूहळू कानापर्यंत पसरत गेला. शालिकला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की स्वतःचीच किळस आली. पण प्लेट काही त्यानं बाजूला सरकवली नाही.

"काय गा शालिक, वहिनीले भिजवून राहिला का?" समोर बसलेल्या देवराव खंडातेनं विचारलं. देवराव प्रयोगशाळेचं भांडार सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांच्या जखमा सांभाळायचा, म्हणजे त्या भरू द्यायचा नाही.

"पेपर आहे. पेपर भिजतेच."

"'खडकांशी बोलणारी बाई' म्हनते इथं. तुयाशी बोलते का घरी? का तुलेही आधी यंत्राखाली ठेवा लागते?"

टपरीवरची चार माणसं हसली. शालिकही हसला. नवरा हसला नाही तर लोक दुसऱ्या दिवशी दुप्पट हसतात, हे त्याला दोन वर्षांत कळलं होतं.

शालिक दगडांचे काप करायचा. सत्तावीस वर्षं. नागपूरच्या त्या प्रयोगशाळेत देशभरातून विंधन करून काढलेले दगडी दांडे यायचे, मनगटाएवढे जाड, लाकडी पेट्यांत ओळीनं रचलेले. त्यातला तुकडा हिऱ्याच्या करवतीनं कापायचा, काचेच्या पट्टीवर चिकटवायचा, आणि मग काचेच्या तावदानावर ओली भुकटी टाकून बोटांच्या दाबानं गोल गोल घासायचा. इतका घासायचा की दगडाची जाडी केसाच्या निम्म्याहून कमी व्हावी आणि त्यातून उजेड आरपार जावा. काळाठिक्कर धोंडा सूक्ष्मदर्शकाखाली मग पैठणीच्या पदरासारखा रंगीत दिसायचा. किती घासायचं, ते गारगोटीचा कण सांगतो. तो पिवळा दिसतो तोवर घासायचं, राखाडी झाला की थांबायचं. एक फेरा जास्त झाला तर काप पाण्याबरोबर मोरीत. डॉक्टरेटवाले त्या कापांवर आयुष्यं काढायचे, परदेशात जाऊन यायचे, आणि निबंधाच्या शेवटी बारीक अक्षरांत 'तांत्रिक साहाय्याबद्दल आभार' असं लिहायचे. नाव कशाला? हाताला नाव नसतं.

महानंदा अठरा वर्षांपूर्वी तिथं रोजंदारीवर काचपट्ट्या धुवायला आली होती. तिला घासायला शिकवलं ते शालिकनं. बोट कसं धरायचं, दाब कुठं द्यायचा, एका भेगेनं दुसरीला कापलं असेल तर कापणारी नंतरची असते, हे सगळं त्यानं शिकवलं. मग लग्न झालं. मग तिनं पत्राद्वारे पदवी घेतली. तोवर सगळं ठीक होतं. पदवी घेतलेली बायको आपली, असं म्हणायला छाती फुगत होती.

मग द्रवलेखक आला.

हे यंत्र काय करतं ते सांगायला आधी समुद्राच्या तळाशी जावं लागतं. तिथं चिखलाखाली, पृथ्वीच्या पोटातून वर आलेला एक हिरवा, जड खडक असतो. तो कोरडा जन्मतो. तळाला भेगा पडतात, त्यातून समुद्राचं पाणी आत शिरतं, तापतं, आणि खडक ते पिऊ लागतो. नुसता भिजत नाही, पाणी त्याच्या कणांत बसतं आणि हिरव्या खनिजाचं दुसरंच मऊ, सापाच्या कातडीसारखं चकचकीत खनिज होतं. त्याला सर्पशिला म्हणतात. हे होताना तीन गोष्टी घडतात. खडक फुगतो. खडक तापतो. आणि खडकातलं लोखंड पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं, म्हणून हायड्रोजन मोकळा सुटतो.

पुढे कोट्यवधी वर्षांनी भूखंड सरकतात आणि हा तळ त्यांच्यात चेपला जातो. दाब आणि उष्णता इतकी की प्यायलेलं पाणी पुन्हा पिळून निघतं, जुनी खनिजं मोडतात, नवी बनतात, आणि तरी खडक वितळत नाही. उभ्याउभ्या बदलतो. मग तोच तळ वर ढकलला जातो. लडाखमध्ये साडेचार हजार मीटर उंचीवर माणूस चालतो तेव्हा काही ठिकाणी त्याच्या पायाखाली असा जुना समुद्र असतो. आणि तिथंही पाणी त्याला सोडत नाही. पावसाचं शिरतं, बर्फाचं शिरतं.

कुठलं पाणी कधी आलं? पूर्वी हे काप पाहून, भेगेवर भेग पाहून अंदाजानं सांगायचे. द्रवलेखक मोजून सांगायचा. पाणी लागलं की खनिजाच्या कणातला हायड्रोजन त्या पाण्यातल्या हायड्रोजनशी अदलाबदल करू लागतो, कडेपासून आत. अदलाबदल किती खोल गेली त्यावरून काळ कळतो, आणि जड हायड्रोजनचं प्रमाण पाहून पाणी समुद्राचं की पावसाचं की बर्फाचं ते कळतं. लाख वर्षांचा हिशेब असो की आठ दिवसांचा, यंत्र सारख्याच शांतपणे यादी छापायचं.

आणि ज्या खडकानं अजून पाणी प्यायलेलं नाही तो कुठं आहे, हेही कळायचं. तहानलेला खडक. त्यात पाणी सोडा, हायड्रोजन घ्या, घरं तापवा, दिवे लावा. डिझेल नको, कोळसा नको. दोन हजार त्रेचाळीस साली अख्खा देश तहानलेला खडक शोधत होता, आणि तो वाचून दाखवणारी माणसं मोजकी होती. त्यात महानंदा निखाडे पहिली.

यंत्र आलं तेव्हा संचालक चिंचोळकरांनी आधी शालिकलाच विचारलं होतं. शालिक म्हणाला, "मी त्याच्यापुढं बसू? हाताचं काम सोडून बटनं दाबू?" मग महानंदा बसली. हे तो कुणाला सांगत नसे. स्वतःलाही फार वेळा सांगत नसे.

* * *

ऑगस्टात चुमिकसरच्या पेट्या आल्या. चुमिकसर हे लडाखमधलं एकोणचाळीस घरांचं गाव. गावाखाली तहानलेला खडक होता, आणि त्याच्या वर पंधरा मीटर सर्पशिलेचं झाकण. खाली पाणी सोडायचं, सुटलेला वायू झाकणाखाली साठेल, नळीनं वर घ्यायचा. सगळं त्या झाकणावर होतं. झाकण पक्कं असेल तर देशातली पहिली हायड्रोजन-विहीर. झाकण गळकं असेल तर वायू वर, गावात. त्याला वास नाही, रंग नाही. तो कळतो तो फक्त ठिणगी पडल्यावर.

महानंदा करवतीच्या खोलीत आली. गळ्यात ओळखपत्र, हातात नोंदींची पाटी.

"अहो, झाकणाचे आठ काप पाहिजे. दोन दिवसांत. जमन ना?"

जमन ना. सत्तावीस वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

"यंत्र आहे न तुझं. त्याले सांग."

"यंत्र पेटीतल्या पेटीतच वाचते सगळं. काप फाईलसाठी लागतात, सर म्हणाले." तिच्या मनात काही नव्हतं, ती नुसती घाईत होती. "डबा खाल्ला का? भरीत होतं आज."

"फाईलसाठी," शालिक म्हणाला.

ती गेली. शालिकनं पेटी उघडली. पाच ओळी, प्रत्येक मीटरभराची. त्यानं पहिल्या ओळीतला शेवटचा तुकडा उचलला, उजव्या टोकाचा, आणि सवयीनं दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीचा, डावीकडचा तुकडा त्याला जुळवून पाहिला. दगड जिथं तुटतो तिथं दोन्ही बाजूंना एकच खडबड असते. ती बसली पाहिजे. बसली नाही.

त्यानं दुसऱ्या ओळीच्या उजव्या टोकाचा तुकडा घेतला. कटकन बसला. डब्याला झाकण बसावं तसा.

त्याला एका क्षणात समजलं. पेट्या भरायच्या दोन रीती आहेत. एक पुस्तकाची. ओळ डावीकडून उजवीकडे, संपली की पुन्हा डावीकडून. नागपूरकडचे विंधनवाले तशाच भरतात. दुसरी नांगराची. बैल तासाच्या टोकाला जातात, तिथंच वळतात आणि उलटे येतात, तशी. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे. लडाखच्या लोकांनी नांगराच्या रीतीनं भरल्या होत्या. वरची बाजू दाखवणारे खडूचे बाण ओलीनं पुसले गेले होते. पूर्वी अशा पेट्या आल्या की शालिक विंधनवाल्यांना फोन लावून विचारायचा. आता फोन कोण लावतो? महानंदानं यंत्रात नेहमीप्रमाणे 'पुस्तक' असं घातलं आणि यंत्रानं दर दुसरी ओळ उलटी वाचली.

मग काय होतं? एक लांब भेग पाच तुकडे करून मांडा आणि दुसरा, चौथा उलटा ठेवा. भेग दिसणारच नाही. दिसतील पाच फुटकळ चिरा, एकमेकींशी नातं नसलेल्या. यंत्रानं तेच छापलं होतं. 'भेगा तुटक, बंद. झाकण पक्कं.'

शालिकनं तो सांधा धरून काप केला. दोन्ही तुकडे एकत्र चिकटवून, दोन तास घासून. गारगोटी राखाडी झाली तेव्हा थांबला. सूक्ष्मदर्शकाखाली एक पांढरी रेघ एका तुकड्यातून दुसऱ्यात न चुकता गेलेली, मधे पोकळ, कडेला ताज्या पाण्यानं खाल्लेली. त्याच्या हातून झालेला हा सगळ्यात सुंदर काप होता. काप पुसून खिशात घालून तो यंत्राच्या खोलीकडे निघाला. सांगायलाच निघाला होता. हे नीट लक्षात ठेवा.

दार अर्धं उघडं होतं. आत चिंचोळकर, वार्ताहर पोरगी, कॅमेरा. महानंदा बोलत होती.

"काप करताना गारगोटीकडे पाहायचं. राखाडी झाली की थांबायचं. दगडच सांगतो आपल्याला, बास आता."

"किती सुंदर!" पोरगी म्हणाली. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

महानंदा हसली. क्षणभर. "हात शिकत जातो," ती म्हणाली.

बस. तेवढंच. पुढं कदाचित ती काही बोललीही असेल. शालिकनं ऐकलं नाही. तो वळला आणि करवतीच्या खोलीत येऊन बसला. छातीत काहीतरी तापत होतं आणि फुगत होतं. त्यानं मनाशी म्हटलं, यंत्र हुशार आहे ना? मग सापडू दे यंत्रालाच. दहा लोकांत तोंडावर पडू दे तिला एकदा. एकदाच. मग विचारील, अहो, आता काय करू.

त्यानं आठ काप करून दिले. सांधा सोडून. नववा त्याच्या टेबलाच्या खणात राहिला.

त्याला वाटलं होतं, आठवड्यात चूक उघडी पडेल. पडली नाही. महिना गेला. महानंदा दिल्लीला गेली, परत आली. रोज रात्री जेवताना तो ठरवायचा, उद्या सांगू. रोज ती एखाद्या नव्या सत्काराचं सांगायची, आणि उद्या पुढं ढकलला जायचा. जितका उशीर, तितकं सांगणं अवघड. आता नुसतं 'चूक आहे' म्हणून भागणार नव्हतं, 'मला ठाऊक होतं'ही म्हणावं लागणार होतं.

एकदा तिनंच विचारलं, "काहून तोंड पाडून बसता हो तुम्ही? माझं काही चुकलं का?"

"तुझं कुठी चुकते," तो म्हणाला आणि वरण ओढून घेतलं.

* * *

तेरा नोव्हेंबरला चुमिकसरच्या विहिरीचं उद्घाटन होतं. हिवाळा लागताच घरांना ऊब मिळावी म्हणून घाई. सकाळी दहाला उपाहारगृहातल्या पडद्यावर थेट प्रक्षेपण. देवरावनं शालिकला हाताला धरून पुढच्या खुर्चीत बसवलं.

"बस बस. घरधनी पुढं पाहिजे."

पडद्यावर महानंदा. लोकरीची टोपी, लाल झालेलं नाक, पाठीमागे उघडेबोडके डोंगर. ती तक्त्यावर बोट ठेवून झाकण समजावत होती. शालिक तिचं तोंड पाहत नव्हता, टोपी पाहत होता. नवी होती. कुणी दिली असेल?

मग कॅमेरा गावात गेला. बायका खिडक्यांच्या फटींना कागदाच्या पट्ट्या आणि माती लावून लिंपत होत्या. आता मार्चपर्यंत त्या उघडायच्या नाहीत. आत लोखंडी शेगड्या धगधगत होत्या. विंधनाचा मुकादम रिगझिन मोठ्या कौतुकानं गाव दाखवत होता. हिंदीत म्हणाला, आमचा झरा बघा, उणे पंचवीसमध्येही गोठत नाही. खालून गरम येतो. घरं त्याच्यावरच बांधली आहेत आमच्या आजोबा-पणजोबांनी, जमीन ऊबदार राहते म्हणून.

शालिक उभा राहिला. खुर्ची मागं पडली.

खालून गरम येतो. घरांच्या खालून. पंधरा मीटरची ती एकच भेग, जिला यंत्रानं पाच चिरा म्हटलं होतं, ती थेट त्या शेगड्यांखाली उघडत होती. तीन महिने तो बायकोच्या फजितीची वाट पाहत होता आणि त्यात एकोणचाळीस घरं आहेत हे त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. शिरलं नव्हतं, की शिरू दिलं नव्हतं? आपण खरंच बोलू. शिरू दिलं नव्हतं.

महानंदाचा फोन बंद. पुन्हा बंद.

"देवराव, विहिरीवरचा नंबर आहे का तुयाकडं? पेट्यांच्या पावतीवर राहते."

"काहून? वहिनीले शुभेच्छा द्याच्या का?"

"नंबर दे, भडव्या!"

देवरावनं त्याचं तोंड पाहिलं आणि पळत जाऊन पावती आणली. फोन रिगझिननं उचलला.

"नागपूरहून बोलतो. काप करणारा. तुम्ही पेट्या कशा भरल्या? ओळ संपली की पुन्हा डावीकडून, की तिथूनच उलटं?"

"हे काय विचारता आत्ता? इथं मंत्री—"

"सांगा!"

"तिथूनच उलटं. शेत नांगरतो तसं. दुसरं कसं भरतात?"

"मॅडमना द्या. पाणी सोडू नका. मॅडमना द्या आधी."

वाऱ्याचा आवाज. मग तिचा. "अहो? काय झालं? तुमची तब्येत—"

"दुसरी ओळ उलटी आहे."

तिला जास्त सांगायची गरज नव्हती. तिला शिकवलंच होतं तसं. तो जणू तिच्या डोक्यातल्या ओळी उलटताना, चिरांना चिरा जुळताना ऐकत होता.

"चौथीही," ती म्हणाली.

"चौथीही. सगळ्या पेट्यांत. झाकणात आरपार भेग आहे. झऱ्याले जाते."

"देवा." मग एकदम, "कधी समजलं तुम्हाले?"

एक श्वास. एवढीच जागा होती.

"आत्ता," शालिक म्हणाला.

* * *

पाणी सोडलं गेलं नाही. पडद्यावर महानंदा परत आली, ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि मंत्री बाजूला उभे असताना सरळ म्हणाली, "चूक झाली आहे. यंत्राची नाही, माझी. पेट्या कशा भरल्या ते मी विचारलं नाही. नागपूरच्या एका कर्मचाऱ्याच्या लक्षात आलं. झाकण गळकं आहे. विहीर आज सुरू होणार नाही."

पडद्यावर मागे उभ्या चिंचोळकरांचा चेहरा पांढरा पडला. आणि मग गावातल्या एका म्हातारीनं पुढं येऊन महानंदाच्या गळ्यात सन्मानाचा पांढरा रेशमी पट्टा घातला. टाळ्या. उपाहारगृहातही टाळ्या.

संध्याकाळपर्यंत देशभर तेच. चूक कबूल करणारी बाई. असं धाडस हवं. शाळांमध्ये दाखवा हे. चूक केली तर तिचंही कौतुक! शालिकनं सत्तावीस वर्षांत एक काप बिघडवला नव्हता, त्याला कुणी टाळी वाजवली नव्हती. आणि तो कोण? नागपूरचा एक कर्मचारी. ध्वनिक्षेपक हातात असताना नवरा म्हणायला जीभ जड झाली होती का तिची?

आठवड्यानं ती आली. पिशवीभर जर्दाळू घेऊन. आल्या आल्या त्याचे दोन्ही हात हातात घेतले, तिथं दारातच.

"तुमचं नाव नाही घेतलं मी मुद्दामून. लोक म्हनले असते, नवऱ्याले श्रेय देऊन राहिली. अहवालात घालते. पूर्ण नावानं. पहिल्या पानावर." तिचे डोळे भरले होते. "लेकरं होती हो तिथं. तुम्ही नसते तर..."

हेच तर हवं होतं त्याला. हेच डोळे, हाच आवाज.

"सांध्याचा काप केला असन न तुम्ही? जोडायला पाहिजे अहवालाले."

"केला न," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं खण उघडून नववा काप तिच्या हातावर ठेवला. छाती काढून ठेवला. इतका सुंदर काप तिनं पाहावा, एवढंच त्याच्या मनात होतं. गर्वानं आंधळा झालेला माणूस एवढा मूर्ख होतो की आपण कोणत्या यंत्रासमोर उभे आहोत हेही विसरतो.

द्रवलेखकाला चाळीस मिनिटं लागतात. महानंदा पाऊण तासानं बाहेर आली. करवतीच्या खोलीच्या दारात थांबली.

"चांगला काप आहे," ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता. "मी घरी जातो आज लवकर. डोकं दुखून राहिलं."

शनिवारी चिंचोळकरांच्या शिपायानं अहवालाचा मसुदा शालिकच्या सहीसाठी आणून दिला. पहिल्या पानावर पूर्ण नाव. खाली घटनाक्रम. 'दि. १३ नोव्हेंबर रोजी सकाळी श्री. शालिक निखाडे यांच्या ही बाब लक्षात आली व त्यांनी तातडीने कळविले. त्याच दिवशी सांध्याचा काप तयार करण्यात आला.'

त्यानं तो दोनदा वाचला. मग यंत्राच्या खोलीत गेला. शनिवारी तिथं कुणी नसे. बटनं दाबायला त्याला पाच मिनिटं लागली, लाज वाटली, पण त्या कापाची यादी निघाली.

समुद्राचं पाणी, बारा कोटी वर्षं. खोलवर पिळलेलं खारं पाणी, पाच कोटी. पावसाचं, दहा लाख. हिमनदीचं, चालू. आणि सगळ्यात शेवटी, नुकत्याच घासलेल्या पृष्ठभागावर, कणाच्या अगदी कडेला. नळाचं पाणी, नागपूर. एकशे एक दिवस, दोन कमी-जास्त.

तेरा नोव्हेंबरपासूनचे आठ दिवस नाहीत. एकशे एक. बारा ऑगस्ट.

तिनं हे वाचलं होतं. वाचून घरी गेली होती, डोकं दुखतं म्हणून. आणि मग बसून खोटी तारीख लिहिली होती. त्याच्यासाठी.

* * *

रविवारी दुपारी ती ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. शालिकनं मसुदा तिच्यापुढं टाकला.

"हे काय लिहिलं?"

"जे बरं तेच लिहिलं."

"खोटं आहे."

"माहीत आहे मले." तिनं शेंग मोडली. दाणे टोपल्यात पडले. "ऑगस्टापासून माहीत होतं तुम्हाले. मी तुम्हाले भरीत वाढून राहिली होती आणि तुम्हाले माहीत होतं."

"हाव."

"काहून?"

ती सोलत राहिली. शेवटी तीच म्हणाली, "सांगू नका. समजते मले. बारा तारखेले ती पेपरवाली आली होती. तुम्ही दारातून परत गेले. मी पाहिली होती तुमची पाठ."

"मंग आवाज काहून नाही दिला?"

"म्हटलं, घरी सांगीन. घरी तुम्ही तोंड पाडून बसले." तिचा हात थांबला. "त्या पोरीले 'नवऱ्यानं शिकवलं' म्हनता आलं असतं. नाही म्हनलं. एक दिवस तरी माझं राहू द्यावं वाटलं. पण त्याच्यासाठी एकोणचाळीस घरं, शालिकराव?"

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. नावानं तिनं त्याला आजवर कधी हाक मारली नव्हती.

"मंग वाचवून काहून राहिली मले?"

"कीव येते म्हनून नाही. राग आहे मले, लय राग आहे. रात्री बाजूले झोपल्यावर अंगाले काटा येते माझ्या. पण मी चुकली तवा लोकायनं मले डोक्यावर घेतलं. तुम्हाले नाही घेणार. तुमची नोकरी जाईन, पेन्शन जाईन, देवरावसारखे थुंकतील. मी सांगतलं तर तुम्ही संपले. म्हनून मी चूप राहतो. माझ्याच्यानं होते तेवढं."

शालिकनं ते ऐकलं आणि त्याच्या छातीत पुन्हा तेच तापू लागलं. चूक करून मोठी झाली ती. कबूल करून मोठी झाली. आणि आता त्याला माफ करून, खोटं बोलून, त्याचं पाप पदरात झाकूनही मोठी व्हायला निघाली होती तीच. त्याच्याजवळ एकच गोष्ट उरली होती, पूर्णपणे त्याची, आणि तीही ती घेऊन चालली होती.

"लिही," तो म्हणाला. "बारा ऑगस्ट."

"अहो, वेड लागलं का?"

"माझी चूक आहे ती. माझ्या नावावर पाहिजे. पेन घे."

तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग तिला कळलं, आणि कळल्यावर तिच्या ओठांच्या कडेला हसू नाही, पण हसण्याच्या जवळचं काहीतरी आलं.

"अजूनही जळता तुम्ही माझ्यावर."

"हाव. लिही."

तिनं हात पदराला पुसले. पेन घेतलं, जुन्या ओळीवर काट मारली. लिहिता लिहिता थांबली.

"'वैयक्तिक कारणामुळे कळविले नाही' असं टाकू?"

"वैयक्तिक म्हंजे पोटदुखी पन असू शकते. कारण लिही."

"'पत्नीविषयीच्या मत्सरापोटी'?"

"मत्सर चिंचोळकरसारख्यांले होते. मी जळलो. 'बायकोवर जळून गप्प बसलो' असं लिही."

"सरकारी कागदावर?"

"मंग कुठी? भिंतीवर?"

तिनं लिहिलं. एकशे एक दिवसांचा आकडा घातला, आठ काप आणि नववा घातला, सांधा कोणत्या पेटीतला तो क्रमांक घातला. त्यानं एका ठिकाणी तिला दुरुस्त केलं, पेटी चौदावी नाही, तेरावी. तिनं खाडाखोड केली आणि कागद त्याच्यापुढं सरकवला.

"सही करा. उद्या माझ्यासोबत येऊ नका, तुमचे तुम्ही या," ती म्हणाली आणि टोपलं घेऊन आत गेली. जाताना दार लोटलं नाही, उघडंही ठेवलं नाही. अर्धवट.

शालिक एकटा बसून कागद वाचू लागला. तिच्या चुकीला अहवालात दोन ओळी होत्या. त्याच्या चुकीला साडेतीन. त्यानं त्या बोट ठेवून पुन्हा मोजल्या, आणि मगच सही केली.